डोळे मिटून तोडलेलं कलिंगड

कलिंगड तोडायची वेळ आली की होरियोन डोळे घट्ट मिटून घ्यायचा. एका हातानं फळ चाचपायचं, दुसऱ्या हातानं देठाला पीळ द्यायचा आणि तोंडानं "माफ कर बाई, माफ कर" असं पुटपुटत राहायचं. तुटलेल्या देठातून थेंब येतो ते त्या फळाचं रडणं असतं, आणि ते बघायची आपली छाती नाही, असं तो चारचौघांत सांगे. नाईलपासून चार दिवसांच्या वाटेवर, वाळवंटातल्या केल्लिस गावात माणसं एकमेकांना पाहून ओळखतात, तिथं असल्या माणसाची थट्टा झाली नसती तरच नवल. पण होरियोनचा तेलाचा घाणा गावात सगळ्यात चांगला होता, त्यामुळे थट्टा जरा जपूनच व्हायची.

एरवी त्याची मुलगी नोन्ना शेजारी उभी असे. "आबा, डावीकडे. अजून जरा. तो दगड आहे, आबा." असं ती सांगायची आणि होरियोनचा हात बरोबर फळावर पडायचा. त्या दिवशी मात्र नोन्ना शेजारी नव्हती. तिचं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्या हात्रेशी ती कबुतरखान्यामागे बोलत उभी होती, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

होरियोन हा 'ऐकणाऱ्यां'पैकी. त्यांच्या पंथात वरच्या पायरीवर 'निवडलेले' असत. त्यांना घर नाही, बायको नाही, झाडाचं पान तोडायचं नाही, फळाला सुरी लावायची नाही. खालच्या पायरीवर ऐकणारे. त्यांनी तोडायचं, दळायचं, शिजवायचं, आणून द्यायचं आणि त्याचं पाप आपल्या डोक्यावर घ्यायचं. मग निवडलेल्यांनी प्रार्थना करून ते उतरवायचं. जगात पहिल्यापासून दोन सत्ता, उजेड आणि अंधार, असं ते मानत. अंधारानं उजेडावर धाड घातली आणि उजेडाचे कण मातीत, झाडात, फळात अडकून पडले. कलिंगडात तर गच्च भरलेले. निवडलेल्यानं ते खाल्लं की कण सुटतात आणि चंद्रावर जाऊन बसतात, म्हणून चंद्र भरत जातो. हसायचं त्यानं हसावं. पण पौर्णिमेला अंगणात उभा राहून होरियोन म्हणायचा, "यातली दोन-तीन कलिंगडं आपली बरं का, नोन्ना," तेव्हा चंद्र खरोखरच घरचा वाटायचा.

हात्रेचा बाप पेबोस हा दुसऱ्या बाजूचा, म्हणजे गावातल्या चर्चचा धर्मगुरू. देव एकच, तो चांगला, त्यानं केलेलं सगळं चांगलं, आणि वाईट जे काही आहे ते माणसाच्या वाकड्या मनातून येतं, असं त्याचं शिकवणं. ख्रिस्ताचं नाव दोघंही घेत आणि दोघंही एकमेकांना म्हणत की खरं नाव आम्हीच घेतो. पण होरियोन आणि पेबोस लहानपणी एकाच खजुराच्या झाडावरून पडलेले. संध्याकाळी घाण्याच्या ओट्यावर सोंगट्या मांडल्याशिवाय दोघांनाही चैन पडत नसे. एवढंच की चर्चचा दंडक होता म्हणून पेबोस होरियोनच्या घरचं पाणीही पीत नसे. तो आपली सुरई घेऊन यायचा.

नोन्ना आणि हात्रे यांचं लग्न ठरलं तेव्हा दोघं बाप आनंदानं एकमेकांच्या गळ्यात पडले. तो आनंद जेमतेम एक डाव टिकला. पेबोसनं सोंगटी सरकवत म्हटलं, "म्हणजे आता नोन्नाचा बाप्तिस्मा उरकून घेऊ."

"कशाला?" होरियोन म्हणाला. "हात्रेच येईल की आमच्याकडे. पोरगा शहाणा आहे."

"अंधाराची पूजा करायला?"

"पूजा नाही करत रे आम्ही, ओळखतो फक्त! तू मात्र डोळ्यांवर कातडं ओढून बस. तुझा देव एवढा चांगला, तर विंचू कुणी केला, पेब्या? माझ्या बापाला चावला तो?"

"देवानंच केला. विंचू आपल्या जागी चांगलाच आहे. तुझा बाप बिळात हात घालायला कशाला गेला होता?"

"म्हणजे चूक माझ्या बापाची?"

"मग काय विंचवाची?"

सोंगट्या उधळल्या गेल्या. शब्दानं शब्द वाढला आणि शेवटी अशी पैज लागली की निवडलेल्यांपैकी एक, अपा (म्हणजे बाबा) फोइबाम, पुढच्या आठवड्यात गावात येणार आहेत, तेव्हा चर्चच्या आवारात सगळ्या गावासमोर त्यांचा आणि पेबोसचा वाद व्हावा. जी बाजू हरेल तिचं घर दुसऱ्याच्या पंथात जाईल. नाही गेलं तर लग्न मोडलं.

नोन्नानं हे ऐकलं. ती या दोघांना ओळखून होती. हरलेला कोणी पंथ बदलणार नव्हता. तो तोंड फिरवून बसला असता आणि लग्न भिजत पडलं असतं. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. ती हात्रेच्या आईकडे, थेर्मूकाकूंकडे गेली. काकू मसूर निवडत होत्या.

"काकू, यातलं कोण जिंकावं म्हणून मी प्रार्थना करू?"

"कोणीच नको," थेर्मूकाकू म्हणाल्या. "तीस वर्षं संसार करतेय. जिंकलेला नवरा आणि हरलेला नवरा, दोघंही घरात ठेवण्याजोगे नसतात."

वादाच्या दिवशी दुपारीच होरियोन मळ्यात गेला. अपांसाठी सगळ्यात गोड फळं आपणच तोडायची, हा त्याचा हट्ट. नोन्ना त्याच वेळी कबुतरखान्यामागे होती. तिथं हात्रे तिला सांगत होता की वेळ आलीच तर आपण नाईलकाठी पळून जाऊ. "उंटानं चार दिवसांची वाट," तो म्हणाला. "तुला उंट लागतो," नोन्ना म्हणाली, "मागच्या वेळी पहिल्याच टेकडीवर ओकला होतास." मग दोघं नुसतीच हसत उभी राहिली, आणि तिकडे होरियोन डोळे मिटून एकटाच चाचपडत होता. मळ्याच्या कडेला वाळवंटातून कडू कवंडळाचा वेल घुसला होता. कवंडळ बाहेरून दिसतं अगदी लहान कलिंगडासारखं, तसंच गोल, तसेच पट्टे. आत मात्र विषासारखं कडू. चण्याएवढा गर पोटात गेला तरी माणसाला दिवसभर आडोसा शोधावा लागतो. त्यातलं एक हाताला लागलं तशी होरियोननं त्याचीही मनापासून माफी मागितली आणि ते टोपलीत ठेवलं.

चर्चच्या आवारात उंबराच्या सावलीत सगळा गाव जमला होता. अपा फोइबाम उंच, काठीसारखे बारीक, पण आवाज असा की मध ओतल्यासारखा. माणूस मनाला आवडावा असाच होता. चटईवर बसतानाही ते खाली बघून बसले, मुंगी चिरडू नये म्हणून. पेबोस त्यांच्यासमोर मांडी ठोकून बसला. त्याचं पोट त्याच्याआधी येऊन बसलं होतं.

"पेबोसभाऊ," अपांनी सुरुवात केली, "तुमच्या गावात मागच्या वर्षी जन्मतःच आंधळं मूल झालं. त्या मुलानं कोणतं वाकडं मन केलं होतं?"

हा घाव बसला होता. ते मूल सुताराच्या घरचं होतं आणि सुतार समोरच बसला होता. पेबोसनं दाढीवरून हात फिरवला. "त्यानं काही केलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "ते मी तुम्हाला समजावून सांगू शकत नाही. पण अपा, तुमचं उत्तर मला त्याहून भयंकर वाटतं. तुम्ही म्हणता त्या पोराचं शरीर अंधारानं घडवलं. त्याच्या आईनं रोज त्याला तेल लावायचं ते काय अंधाराला?"

सुताराची बायको हुंदका आवरत पदर तोंडाला लावून बसली. अपांनीही मान खाली घातली. 'आम्ही तसं म्हणत नाही' असं खोटं सांगणारे ते नव्हते.

मग वाद पुन्हा आपल्या वाटेला लागला. "तुमच्या देवाला अंधार आवरता येत नाही?" पेबोसनं विचारलं. "मग तो देव कसला?" "आणि तुमच्या देवाला आवरता येत असून तो आवरत नाही," अपा म्हणाले, "मग तो चांगला कसला?" चांगलं झाड चांगलंच फळ देतं, हा ख्रिस्ताचा दाखला दोघांनीही दिला आणि दोघांनीही तो आपल्याच बाजूनं ओढला. गावकरी कधी इकडे माना डोलवत, कधी तिकडे. नोन्ना खांबाला टेकून उभी होती. कोणी चांगला मुद्दा मांडला की तिच्या काळजाचा ठोका चुकायचा. मुद्दा कोणाचा आहे याच्याशी तिला काहीच देणंघेणं नव्हतं.

उन्हं कलली तशी अपांच्या जेवणाची वेळ झाली. दिवसातून एकदाच जेवायचं आणि ते सूर्य मावळायच्या आत, हा त्यांचा नेम. होरियोन छाती फुगवून टोपली घेऊन पुढं आला. "सगळी स्वतः तोडलीत, अपा." निवडलेल्यानं सुरी हातात घ्यायची नसते, म्हणून कापायला नोन्ना बसली. अपांनी हात जोडून नेहमीचं म्हटलं, "मी तुला पेरलं नाही, मी तुला तोडलं नाही, मी तुला कापलं नाही. दुसऱ्यानं आणलं, मी निर्दोष आहे." नोन्नानं वरचं लहान फळ उचललं आणि सुरी घातली.

आत लाल नव्हतं. पांढरा, कापसासारखा गर. तो कडवट वास नाकात गेला आणि तिला सगळं कळलं. आबा एकटा गेला होता. ती कबुतरखान्यामागे खिदळत होती. तिनं पटकन दोन्ही फोडी टोपलीखाली सारल्या.

"का गं, पोरी?" अपांनी विचारलं. "टाकू नकोस. त्यातही उजेड अडकलेला असतो."

आता खोटं बोललं तर अपा ते खाणार आणि खरं बोललं तर बापाची सगळ्या गावासमोर शोभा. नोन्नानं एकदा होरियोनकडे पाहिलं. "अपा, हे कलिंगड नाही," ती म्हणाली. "कडू कवंडळ आहे."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "डोळे मिटून तोडलं वाटतं!" आणि आवारात हास्याचा असा कल्लोळ उठला की उंबरावरची कबुतरं उडाली. होरियोनचा चेहरा राखेसारखा झाला. नोन्नाला वाटलं, भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं.

पेबोसला मात्र शिकार दिसली. तो गुडघ्यांवर उठला. "सांगा आता, अपा! कलिंगडात उजेड. आणि यात? अंधार असेल तर हे मातीत उगवतं कसं आणि सूर्याकडे वळतं कसं? आणि उजेड असेल तर खा की! सोडवा त्याला!"

अपांनी शांतपणे फोडीकडे पाहिलं. "उजेड आहे," ते म्हणाले. "फार खोल अडकलाय, पण आहे. आणि पेबोसभाऊ, तुम्ही आत्ताच म्हणालात, देवानं केलेलं सगळं चांगलं. हे कवंडळ कुणी केलं?"

पेबोस पुन्हा खाली बसला.

"देवानं," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"मग चांगलं आहे?"

"आपल्या जागी... चांगलंच आहे."

"मग एक फोड तुम्ही घ्या," अपा म्हणाले. "एक मी घेतो."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गावाला आता खरी मजा येऊ लागली. "खा हो पेबोसबुवा, चांगलं आहे ते!" "अपा, चंद्र वाट बघतोय!" थेर्मूकाकू गर्दीतून ओरडल्या, "अहो, खाऊ नका मेल्यांनो, मराल!" होरियोन मध्ये धावला. "तोडलं मी, पाप माझं, मीच खातो," म्हणत त्यानं हात पुढं केला. पण दोघांनी त्याला दोन बाजूंनी ढकललं, फोडी उचलल्या आणि एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून चावा घेतला.

तो क्षण केल्लिस गाव कधी विसरलं नाही. पेबोसचे गाल थरथरले. अपांची भुवई कपाळाच्या वर चढून गेली. थुंकायचं तर हरलो, बोलायचं तर तोंड उघडावं लागणार. दोघांनीही गिळलं. पेबोसनं डोळ्यांतून पाणी गळत असताना म्हटलं, "चांगलं... आहे." अपांनी मान डोलावली. पुढचा मुद्दा कोणाचा होता कोण जाणे, कारण थोड्याच वेळात अपा उठले, आणि मुंग्यांकडे न बघता उठले. त्यांच्यामागोमाग पेबोस. मग दोघांना पळता भुई थोडी झाली.

सगळ्यात जवळचं घर होरियोनचं. उन्हाळ्यात घाणा बंद असतो, खोली गार असते. तिथं दोन चटया शेजारी शेजारी टाकल्या. बाईनं अपांना हात लावायचा नाही, म्हणून त्यांना उठवायचं-बसवायचं काम हात्रेकडे आलं. नोन्ना जवाची पातळ पेज आणि कोमट पाणी आणत राहिली. पोट रिकामं होऊन दोघंही पडून राहिले तोवर दिवेलागण झाली होती. थेर्मूकाकू दारात बसून म्हणत होत्या, "तरी बरं, एकेकच घास घेतला. देव दयाळू आहे, मग तो एक असो की दीड."

नोन्नानं पेजेचा वाडगा पेबोसपुढे धरला. तो थबकला. सुरई घरी राहिली होती. त्यानं एकदा वाडग्याकडे पाहिलं, एकदा होरियोनकडे, आणि घटाघटा पिऊन टाकलं. होरियोनला फार बरं वाटलं.

"अपा," पेबोस क्षीण आवाजात म्हणाला, "जागे आहात?"

"आहे."

"हे कडूपण आलं कुठून, बोला."

"तुमच्या देवानं घातलं."

"तुमच्या अंधारानं."

"माझ्यामुळं आलं," होरियोन म्हणाला. तो भिंतीला टेकून गुडघ्यांत मान घालून बसला होता. "कवंडळ बिचारं आपल्या वेलावर होतं. कुणाच्या वाटेला गेलं नव्हतं. मी डोळे उघडे ठेवले असते तर कुणाला काही झालं नसतं."

पेबोस कोपरावर उठला. "ऐकलंत? हेच मी दुपारपासून सांगतोय! विंचू नाही, कवंडळ नाही, माणूस! माणसाचं वागणं!"

"पण त्यानं डोळे का मिटले?" अपांनी विचारलं. "फळाला दुखतं म्हणून. दयेनं. पेबोसभाऊ, आता दयेतून वाईट निघालं असं म्हणणार का तुम्ही?"

पेबोस पुन्हा आडवा झाला.

"नाही म्हणवत," तो म्हणाला.

"मलाही अंधारानं त्याचे डोळे मिटवले असं म्हणवत नाही," अपा म्हणाले. "या माणसात मला अंधार दिसत नाही."

होरियोननं मान वर केली. आयुष्यात त्याला असं कोणी म्हटलं नव्हतं.

नोन्ना दारातच उभी होती. आत्ता नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं. ती म्हणाली, "मग हरलं कोण?"

ती पेबोसकडे वळली.

"काका, तुम्ही हरलात?"

"मी? छे!"

"अपा, तुम्ही?"

"सत्य हरत नसतं, पोरी."

"म्हणजे कोणीच हरलं नाही. पैज हरणाऱ्याची होती. आबा, मला आता सांग, माझं लग्न कुणामुळं अडलंय?"

होरियोननं पेबोसकडे पाहिलं. पेबोसनं होरियोनकडे. "पेब्या," होरियोन म्हणाला, "पोरगी वाद घालायला तुझ्यापेक्षा बरी आहे."

"म्हणूनच सून करून घेतोय," पेबोस म्हणाला आणि पुन्हा पोट धरून बाहेर पळाला.

बाप्तिस्म्याचं पुढं काय, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही, आणि नंतर ते नोन्नानं कोणाला विचारू दिलं नाही. ती रविवारी नवऱ्याबरोबर चर्चला जाई आणि निवडलेले गावात आले की त्यांना कलिंगड नेऊन देई. दोन्हीकडच्या कडव्या लोकांनी नाकं मुरडली. ज्यांना नाक आहे ते मुरडणारच.

लग्न ऑलिव्ह पिकायच्या आधी झालं. प्रार्थना पेबोसनं म्हटली. अपा फोइबाम मुद्दाम थांबले होते. "लग्न, मुलंबाळं, हा सगळा उजेडाला आणखी अडकवायचा कारभार," त्यांनी गंभीरपणे सांगितलं. "मी त्याला आशीर्वाद देऊ शकत नाही. पण त्या दिवशी कलिंगड असेल तर मी जेवेन." त्या दिवशी पेबोसही होरियोनच्या पंगतीत बसला आणि बसण्याआधी त्यानं फळांची टोपली नीट हुंगून घेतली.

पेबोसचं घर दोन गल्ल्या पलीकडे. तरी लेक ती लेकच. वऱ्हाड निघालं, बायका गाऊ लागल्या, आणि नोन्ना उंबरठ्याशी आली तेव्हा तिनं वळून पाहिलं. होरियोन दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि ओठ हलत होते. काय पुटपुटतोय ते तिला ऐकू आलं नाही तरी ठाऊक होतं.

ती परत फिरली. हात्रेचा हात सोडून बापासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, डोळे उघड."

त्यानं 'नाही' म्हणून मान हलवली.

"मला काही दुखत नाहीये, आबा. बघ तरी."

होरियोननं एक डोळा उघडला, मग दुसरा. समोर नोन्ना होती, डोक्यावर फुलं, गालाला काजळ लागलेलं, आणि तोंडभर हसत होती. तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं अंगठ्यानं तिच्या गालावरचं काजळ पुसलं.

"जा," तो म्हणाला, आणि ती कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत त्यानं डोळे उघडे ठेवले.